शेवट कधी येणार? बायबलमधली ‘वेळ’ आणि अर्थ लावण्याचे नियम



जून २०२० आठवतोय? लॉकडाऊन चालू होतं आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी अचानक गुलाबी-लाल झालं. फोटो देशभर फिरले. आता अशी कल्पना करा की त्याच आठवड्यात कुणीतरी बायबलमधलं शेवटचं पुस्तक, म्हणजे ‘प्रकटीकरण’, उघडून बसलंय. त्याच्या आठव्या अध्यायात एक जळता तारा आकाशातून नद्यांवर आणि झऱ्यांवर पडतो आणि पाणी कडू होतं. सोळाव्या अध्यायात नद्यांचं रक्त होतं. इकडे लोणार म्हणजे आकाशातून आदळलेल्या अशनीनं झालेलं विवर. पाणी खारट आणि अल्कधर्मी, पिण्याच्या कामाचं नाही. त्यात आता तेच पाणी लाल, आणि वर जगभर साथ. जुळलं की नाही सगळं?

जुळलं. इतकं छान जुळलं की त्याचीच काळजी वाटायला हवी.

मागच्या काही लेखांत आपण संशोधन-प्रश्न आणि साहित्याचा आढावा यांवर बोललो. आज ‘अर्थ लावणं’, म्हणजे इंटरप्रिटेशन. त्यासाठी मी मुद्दाम प्रयोगशाळेबाहेरचं उदाहरण घेतोय: जगाचा शेवट कधी येणार, हे बायबलमधून कसं वाचलं गेलं. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, धर्मशास्त्राचा नाही. कुणाची श्रद्धा खरी की खोटी, हा आजचा प्रश्न नाही. पण मजकूर छोटा, सगळ्यांसमोर तोच, आणि जवळजवळ दोन हजार वर्षं हजारो हुशार माणसं त्याचा अर्थ लावतायत. अर्थ लावताना जे जे चुकू शकतं आणि जे जे नीट करता येतं, ते सगळं इथे एका जागी बघायला मिळतं.

आधी लोणारचं काय झालं ते संपवू. वन विभागानं पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. आघारकरचा निष्कर्ष असा होता की पाण्याची पातळी घटली, क्षारता वाढली आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव बळावले. त्यांचं गुलाबी रंगद्रव्य पाण्यात दिसत होतं. या स्पष्टीकरणातली गंमत अशी की ते खोटं ठरू शकत होतं. रंग सूक्ष्मजीवांचा असेल तर नमुना स्थिर ठेवल्यावर ते तळाशी बसायला हवेत आणि वरचं पाणी स्वच्छ दिसायला हवं. तसंच झालं. नसतं झालं, तर स्पष्टीकरण बदलावं लागलं असतं.

आता ‘तारा पडला, पाणी कडू झालं, मग लाल झालं’ या जुळणीला हाच प्रश्न विचारा. काय घडलं असतं म्हणजे ही जुळणी चुकली असती? पाणी हिरवंच राहिलं असतं तर? मग कुणी जुळवायला बसलंच नसतं. जगात दुसरीकडे कुठे पाणी लाल झालं असतं, तर तिथलं नाव घातलं असतं. जी जुळणी चुकूच शकत नाही, ती आपल्याला नवीन काही सांगत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी मजकूर, मग मत

संशोधनात पहिला नियम: डेटा काय म्हणतो आणि आपण काय म्हणतोय, हे दोन वेगळ्या रकान्यांत लिहायचं. तर डेटा बघू.

‘वेळे’बद्दलचा सगळ्यात चर्चिलेला उतारा म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानाचा २४वा अध्याय. त्याला समांतर मजकूर मार्कच्या १३व्या आणि लूकच्या २१व्या अध्यायात आहे. प्रसंग असा: येशू यरुशलेमच्या मंदिरातून बाहेर पडतोय. शिष्य त्याला मंदिराच्या इमारती दाखवतात. तो सांगतो की हे सगळं पाडलं जाईल. मग जैतुनाच्या डोंगरावर शिष्य त्याला विचारतात की हे केव्हा होणार, आणि तुझ्या येण्याचं व युगाच्या समाप्तीचं चिन्ह काय.

इथेच थांबा. प्रश्न एक नाही. मंदिर केव्हा पडेल हा एक, आणि युगाचा शेवट कशावरून ओळखायचा हा दुसरा. पुढचं प्रत्येक वाक्य यांपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे मजकूर दर वेळी सांगत नाही. वाचणारा जे ठरवतो, त्यावर निम्मा निकाल ठरतो. तुमच्या प्रश्नावलीत एका ओळीत दोन प्रश्न असतील तर गाइड लगेच लाल खूण करतात, त्याचं कारण हेच.

याच अध्यायात वेळेबद्दल तीन विधानं आहेत. १४व्या वचनाचा आशय: सुवार्ता आधी सर्व राष्ट्रांपर्यंत पोहोचेल, त्यानंतर शेवट. ३४व्याचा आशय: हे सगळं घडेपर्यंत ही पिढी सरणार नाही. आणि ३६व्याचा आशय: तो दिवस, ती घटका कोणालाही माहीत नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला आहे. म्हणजे एक अट, एक मुदत आणि एक ‘माहीत नाही’. तीन वाक्यं, वीस-बावीस वचनांच्या अंतरात. बहुतेक वाद या तिघांना एकत्र कसं धरायचं, याचाच आहे.

डेटा स्वच्छ करताना

३६व्या वचनातले ‘पुत्रालाही नाही’ हे शब्द मत्तयच्या सगळ्या हस्तलिखितांत नाहीत. काहींत आहेत, काहींत नाहीत. मार्कच्या १३व्या अध्यायातल्या समांतर वचनात मात्र ते ठामपणे आहेत. मग मत्तयमध्ये मुळात होते की नव्हते?

अभ्यासक दोन्ही बाजू मांडतात. पहिली बाजू: येशूलाच माहीत नाही, हे वाक्य भाविक लेखनिकाला अडचणीचं वाटलं असेल, म्हणून त्यानं ते गाळलं. अडचणीचं वाक्य मागाहून कोण कशाला घालेल? म्हणून अवघड पाठ जुना असण्याची शक्यता जास्त. दुसरी बाजू: लेखनिकाला मार्कचा मजकूर पाठ होता, आणि दोन्ही पुस्तकं सारखी दिसावीत म्हणून त्यानं मत्तयमध्ये भर घातली. आजच्या बहुतेक चिकित्सक आवृत्त्या हे शब्द ठेवतात, पण कारण देऊन ठेवतात.

आपल्या कामाशी याचा संबंध सरळ आहे. तुमच्या आलेखात एखादा बिंदू रेषेबाहेर पडला की तो ‘आउटलायर’ म्हणून काढायचा मोह होतो. तुमच्याआधी कुणीतरी तो मोह झाल्यावर काय केलं असेल, हाही डेटाच असतो. न शोभणारी गोष्ट काढली तर का काढली ते लिहा. ठेवली तर का ठेवली ते लिहा.

‘पिढी’ म्हणजे कोण?

मूळ ग्रीक शब्द ‘गेनेआ’. मराठीत आपण ‘पिढी’ म्हणतो. याचं वाचन मुख्यतः चार प्रकारे झालंय.

पहिलं: पिढी म्हणजे समोर बसलेल्यांची पिढी. इसवी सन ७० मध्ये टायटसच्या रोमन सैन्यानं यरुशलेमचं मंदिर जाळून पाडलं, म्हणजे बोलणं झाल्यापासून साधारण चाळीस वर्षांत. या वाचनानुसार निदान मंदिराबद्दलचा भाग तेव्हाच पुरा झाला. जमेची बाजू: मत्तयमध्ये इतरत्र हा शब्द बहुतेक वेळा समकालीन लोकांसाठीच येतो. अडचण: आकाशातून येण्याचं वर्णन मग प्रतीकात्मक धरावं लागतं.

दुसरं: पिढी म्हणजे वंश, म्हणजे यहुदी लोक टिकून राहतील. अडचण: मग ‘केव्हा’ या प्रश्नाला उत्तरच मिळत नाही.

तिसरं: ज्या पिढीला ती चिन्हं दिसतील, ती पिढी. म्हणजे घड्याळ चिन्हं दिसल्यावर सुरू होणार. अडचण: सुरुवात कुठून धरायची ते वाचणाऱ्याच्या हातात जातं.

चौथं: अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६च्या ग्रंथात मांडलेलं. येशूला शेवट खरोखरच जवळ वाटत होता, आणि तो आला नाही. हे वाचन शब्दांना सगळ्यात सरळ धरतं, पण ज्यांच्यासाठी हा मजकूर पवित्र आहे त्यांना ते स्वीकारणं सगळ्यात कठीण.

बघा, प्रत्येक वाचनाला काहीतरी किंमत मोजावी लागते. साहित्याचा आढावा लिहिताना ‘अमुक म्हणतात असं, तमुक म्हणतात तसं’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या भूमिकेला कोणती किंमत मोजावी लागते, ते लिहा. व्हायवामध्ये हेच विचारतात.

आणि अनुवादाचं काय? सेरामपूरहून मराठी नवा करार छापला गेला १८११ मध्ये, तेव्हापासून मराठी वाचक अनुवादकाच्या डोळ्यांनी हा मजकूर वाचतोय. ‘पिढी’ लिहिलं की एक वाट उघडते, ‘वंश’ लिहिलं की दुसरी. पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी; तरी बायबल मराठीत आणायचं म्हटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून काम केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. अनुवाद केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून १९२४ साली पुरा बाहेर आला. प्राथमिक स्रोतापर्यंत जा, असं आपण कोर्सवर्कमध्ये नुसतं ऐकतो. ते करायला काय लागतं, त्याचं हे उदाहरण.

बेरीज बरोबर, गृहीतक?

आता आकड्यांकडे वळू, कारण विज्ञानवाल्यांचा पाय इथेच जास्त घसरतो.

विल्यम मिलर हा न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी. दानीएलच्या पुस्तकात (८:१४) २३०० ‘संध्याकाळ-सकाळ’ असा काळ येतो. मिलरनं तीन पायऱ्या केल्या. एक, भविष्यवाणीतला एक दिवस म्हणजे एक वर्ष. याला त्याच्या आधीपासून चालत आलेला आधार होता, गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६. दोन, मोजणी इसवी सन पूर्व ४५७ पासून, अर्तहशश्त राजाच्या फर्मानापासून. तीन, वजाबाकी: २३०० − ४५७ = १८४३.

मात्र इसवी सनात शून्य वर्ष नाही. इ. स. पूर्व १ नंतर थेट इ. स. १ येतं. म्हणून समीकरण असं हवं: ४५७ + न − १ = २३००, म्हणजे न = १८४४. मिलरची मुदत मार्च १८४४ ला टळली. नंतर त्याच्या चळवळीत २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख पक्की झाली. हजारो लोक वाट बघत होते. काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. दिवस उजाडला आणि मावळला. इतिहासात याला ‘महान निराशा’ म्हणतात. शेतातलं उभं पीक सोडून देणं म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

शून्य वर्षाची चूक दुरुस्त करता आली. पण खरी अनिश्चितता वजाबाकीत नव्हतीच. बघा: ‘२३०० संध्याकाळ-सकाळ’ म्हणजे २३०० दिवस असू शकतात. संध्याकाळ आणि सकाळ वेगळी मोजली तर ११५० दिवस. दिवस म्हणजे वर्ष धरलं तर २३०० वर्षं. झाले तीन पर्याय. यरुशलेमबद्दलची पर्शियन राजांची फर्मानं चार सांगितली जातात: साधारण इ. स. पूर्व ५३८, ५२०, ४५७ आणि ४४५. तीन गुणिले चार, बारा उत्तरं. यांतलं एकच उत्तर आपल्या काळाजवळ पडतं म्हणून ते निवडलं, तर आजच्या भाषेत ते पी-हॅकिंग झालं. अनेक इतिहासकार तर म्हणतात की दानीएलचा हा भाग अँटायोकस चौथा या राजानं इ. स. पूर्व १६७ मध्ये मंदिर भ्रष्ट केलं आणि १६४ मध्ये ते पुन्हा शुद्ध झालं, त्या प्रसंगाबद्दल आहे. ११५० दिवस म्हणजे तीन वर्षं आणि जवळजवळ दोन महिने. त्या काळाच्या बरंच जवळ.

‘शेतकरी होता, गणित कच्चं असणार’ असं म्हणू नका. लॉगॅरिदम देणारा जॉन नेपियर यानं १५९३ मध्ये प्रकटीकरणावर ग्रंथ लिहिला आणि शेवट १६८८ ते १७०० च्या दरम्यान येईल असं काढलं. गणितात त्याच्याइतका पक्का माणूस त्या काळी विरळा. आयझॅक न्यूटननं एका कागदावर ८०० + १२६० = २०६० असं मांडलं: ८०० हे शार्लमेनच्या राज्याभिषेकाचं वर्ष, १२६० हा प्रकटीकरणातला दिवसांचा आकडा, पुन्हा दिवसाचं वर्ष करून. पण न्यूटननं सोबत लिहून ठेवलं की तो वेळ ठरवायला हे मांडत नाही. उठसूट तारखा सांगणाऱ्यांना आवर बसावा, कारण त्यांच्या तारखा चुकल्या की धर्मग्रंथाचीच बदनामी होते. २०६० त्याच्यासाठी ‘याच्या आधी नाही’ अशी मर्यादा होती. न्यूटन आणि नेपियर यांच्यात इथे गणिताचा फरक नाही. आपल्या उत्तरावर किती भार टाकायचा, याचा फरक आहे.

लोणारचं वय आणि ±

हाच मुद्दा आपल्या घरच्या उदाहरणानं पक्का करू. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, दख्खनच्या बेसॉल्टमध्ये झालेलं. ते किती जुनं? १९९७ मध्ये आघातात वितळलेल्या काचेवर थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीनं आलेलं उत्तर: ५२ ± ६ हजार वर्षं. २०११ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीनं आलेलं उत्तर: ५७० ± ४७ हजार वर्षं. दहापटीहून जास्त फरक!

आता ± कडे नीट बघा. पहिल्याची वरची कड ५८ हजार, दुसऱ्याची खालची कड ५२३ हजार. एरर बार एकमेकांच्या जवळपासही नाहीत. म्हणजे निदान एका पद्धतीतलं एखादं गृहीतक तरी गडबडलंय: काचेतलं ‘घड्याळ’ मधे पुन्हा शून्यावर आलं का, जुन्या बेसॉल्टमधला आर्गॉन काचेत अडकून राहिला का, वगैरे. ± मध्ये फक्त मोजमापातली अनिश्चितता असते. ‘माझं गृहीतकच चुकीचं असेल तर?’ याचा आकडा त्यात नसतो.

मिलरच्या १८४४ मध्ये मोजमापाची चूक जवळजवळ शून्य होती. गृहीतकांची अनिश्चितता शेकडो वर्षांची. लोणारवाले आणि मिलर यांच्यात फरक असा की लोणारच्या लेखांत पद्धत, गृहीतकं आणि दुरुस्त्या उघड मांडलेल्या आहेत. पुढचा संशोधक येऊन नेमकी कोणती पायरी डळमळीत आहे ते दाखवू शकतो, आणि तसं दाखवलं तर कुणाचं पीक बुडत नाही.

तारीख टळल्यावर

भाकीत चुकलं की माणूस काय करतो? इथे तीन वाटा दिसतात.

पहिली, आकडा सरकवणं. एडगर व्हिजनंट हा नासातला माजी अभियंता. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं, पिढी चाळीस वर्षांची, म्हणून १९८८, असा त्याचा मुख्य आधार आणि त्याभोवती तब्बल ८८ कारणं. १९८८ गेलं, मग १९८९ सांगितलं. ८८ कारणं ऐकून दबून जाऊ नका. सगळी एकाच गृहीतकावर उभी असतील तर ती ८८ नसतात, एकच असतं.

दुसरी, घटनेचा अर्थ बदलणं. १८४४ नंतर काही मिलरवाद्यांनी म्हटलं की तारीख बरोबर होती, घटना चुकीची समजली. त्या दिवशी स्वर्गातल्या पवित्रस्थानात काहीतरी घडलं. या प्रवाहातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. पुण्याच्या औंधमधलं स्पायसर विद्यापीठ याच परंपरेतलं. पुढे या मंडळीनं नवी तारीख द्यायचं टाळलं आणि शाळा, दवाखाने उभे केले, हेही नोंदवायला हवं. पण पद्धत म्हणून बघितलं तर ‘घटना दिसणार नाही अशा जागी घडली’ म्हटल्यावर दावा तपासणीच्या बाहेर जातो.

तिसरी वाट क्वचित दिसते: पद्धतच चुकली असं मान्य करणं. अमेरिकेतले रेडिओ-प्रवचनकार हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली, मग २१ ऑक्टोबर २०११. दोन्ही गेल्यावर पुढच्या वर्षी त्यांनी तारीख काढणंच चुकीचं होतं असं जाहीर केलं. उशिरा, आणि अनेकांनी त्या प्रचारावर पैसा घालवल्यानंतर. तरी केलं.

वऱ्हाडात आलेलं वाचन

तारखा काढणारे एकीकडे. त्याच अध्यायातलं १४वं वचन घेऊन वेगळ्या दिशेला गेलेले लोकही होते, आणि ते थेट आपल्या भागात आले.

ए. बी. सिम्प्सन हे मूळचे कॅनडाचे, न्यूयॉर्कमध्ये पाळक. १८८७ मध्ये त्यांनी दोन संस्था काढल्या. १८९७ मध्ये त्या एक होऊन ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ झाली. त्यांच्या शिकवणीचे चार खांब: ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि येणारा राजा. चौथ्या खांबातूनच मिशनची घाई आली. सर्व राष्ट्रांपर्यंत सुवार्ता पोहोचल्यावर शेवट येणार असेल, तर पोहोचवण्याचं काम केल्यानं राजाचं येणं जवळ येईल, असं त्यांचं वाचन. या मिशननं वऱ्हाडात अकोल्याला मुख्य ठाणं केलं, खामगावलाही काम होतं. दुष्काळाच्या वर्षांत, विशेषतः १८९९-१९००च्या सुमाराला, पोरक्या मुलांना सांभाळण्याचं कामही मिशननं केलं. अकोल्यात राहिलेल्या जेनी फुलर यांनी १९०० मध्ये भारतीय स्त्रियांच्या हालांवर पुस्तक लिहिलं; त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची.

संशोधकाच्या नजरेनं इथे दोन गोष्टी दिसतात. एक, या वाचनातून कामाची यादी निघते, कॅलेंडर नाही. ३६व्या वचनाशी, म्हणजे ‘माहीत नाही’शी, ते मांडणं कमी भांडतं. दोन, तरीही व्याख्येचा प्रश्न सुटत नाही. ‘सर्व राष्ट्रं’ कोणती? देश, भाषा की जाती-जमाती? ‘पोहोचली’ म्हणजे काय: एक प्रवचन, एक पुस्तक की एक मंडळी? नव्या करारातच कलस्सैकरांस पत्रात (१:२३) सुवार्ता आकाशाखालच्या सगळ्यांना सांगून झाली, अशा अर्थाचं विधान आहे. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की अट पहिल्या शतकातच पुरी झाली. एकच अट, एकाच्या मते पुरी झालेली, दुसऱ्याच्या मते अजून बाकी. याला आपण कोर्सवर्कमध्ये ‘ऑपरेशनल डेफिनिशन’ म्हणतो. ती आधी लिहिली नाही, तर अट कधीही पुरी करता येते आणि कधीही बाकी ठेवता येते.

अजून एक गोष्ट. दुष्काळातल्या मुलाला भाकरी आणि पाटी मिळाली, ती दूरवरच्या कुणीतरी एका वचनाचा अमुक अर्थ लावला म्हणूनही. आणि त्याच अर्थात ते मूल ‘पोहोचलेल्यांच्या’ हिशेबातही आलं. दोन्ही खरं. कागदावर लावलेल्या अर्थाचा भार शेवटी कुणाच्या तरी आयुष्यावर येतो. तुमचा प्रबंध पिकावरच्या रोगावर असो की पाण्यातल्या नायट्रेटवर, उद्या कुणीतरी त्यावर विसंबून काहीतरी करणार आहे.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता हे सगळं कामाला लावू. सिनॉप्सिस सादर करण्याआधी एका कोऱ्या कागदावर पाच उत्तरं लिहा.

१. माझा डेटा नेमका काय म्हणतो, आणि कोणतं वाक्य माझं आहे?

२. माझ्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत का? (मंदिर आणि युगाचा शेवट आठवा.)

३. किती ठिकाणी मी पर्याय निवडला? एकक, सुरुवात, वगळलेले नमुने. प्रत्येक निवड उत्तर दिसण्याआधी केली की नंतर?

४. माझ्या ± मध्ये न आलेलं सगळ्यात मोठं गृहीतक कोणतं?

५. काय दिसलं तर मी माझं म्हणणं सोडून देईन?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर सुचत नसेल तर विषय बदलू नका, पण प्रश्न पुन्हा मांडा. आणि हे उत्तर लिहून तारीख टाका, गाइडची सही घ्या. कारण निकाल हातात आल्यावर आपण सगळेच मिलर असतो. आपलं उत्तर सोडायचं नाही म्हणून पायऱ्या सरकवतो.

मत्तयच्या त्या अध्यायात इतक्या मोठ्या प्रश्नाला ‘माहीत नाही’ असं उत्तर दिलेलं आहे, आणि लेखनिकांनी, गणितज्ञांनी, अभियंत्यांनी त्याच्याभोवती दोन हजार वर्षं आकडे रचले. प्रबंधातही ‘या डेटावरून हे सांगता येत नाही’ असं एक वाक्य लिहायला जागा असते. चर्चेच्या प्रकरणात, मर्यादांच्या परिच्छेदात. ते वाक्य लिहिल्यानं मार्क कमी होत नाहीत.

पुढच्या लेखात एरर बार काढायच्या पद्धती, सोप्या उदाहरणांसह. तोवर तो कागद तेवढा भरून ठेवा.